थोडक्यात वाचलो

सोमवार, ५ मे

टाचणी आज आली. सोबत तिची आई म्हणजे आमची लेक, एक बॅग, एक उशी, आणि तोंडातून एक शब्द नाही. सात वर्षांच्या मुलीने इतकं गप्प असणं बरं नव्हे. मी विचारलं, "प्रवास कसा झाला?" तिने मान हलवली. कुठल्या दिशेने हलवली तेही नीट कळलं नाही. टाचणी हे नाव तिच्या आजीने ठेवलं, जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून. आता उंची वाढलीय, जाडी तेवढीच आहे.

लेकीला बढती मिळालीय, पण दूरच्या गावी. पहिलं वर्ष प्रशिक्षण, राहायचं वसतिगृहात, तिथे मूल चालणार नाही. जावई जहाजावर. तेव्हा वर्षभर टाचणी कुठे राहणार हा प्रश्न आहे. एक तर आमच्याकडे, नाही तर तिच्या आत्याकडे. लेक म्हणाली, "बाबा, तीन आठवडे राहू दे तिला इथे. पंचवीस तारखेला मी येते आणि तिलाच विचारते. ती म्हणेल तसं. तिला आग्रह करायचा नाही, आणि हे बघा, ड्रिल करायला लावायचं नाही."

ड्रिल करायला लावायचं नाही म्हणे! सगळी नोकरी मी कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून केली. माझ्या काळात तिथे एकाही माणसाचं बोट गेलं नाही. ते काय आपोआप? पण लेकीशी वाद घालण्यात अर्थ नाही, ती आईवर गेलीय.

आत्याकडे पोहायचा तलाव आहे. लहानसा का होईना, तलाव तो तलाव. आमच्याकडे इमारतीमागे पाण्याची टाकी आहे, आणि तिच्यावर 'चढू नये' असं मीच लाल रंगात लिहून घेतलंय.

टाचणी इथे राहायला हवी. मला हवीय. हे इथे लिहितोय, कारण हिच्याजवळ बोललो तर ही म्हणेल, मग तिलाच सांगा की. असं कुठे सांगतात?

मंगळवार, ६ मे

मूल रमवायचं तर आधी घराबाहेर काढायला हवं. बाहेर म्हणजे लांब नव्हे, जिन्याच्या खाली. इमारतीमागे काय नाही? एक मोठं झाड, टाकी, कपडे वाळत घालायच्या तारा, मुंग्यांची वारुळं, भरपूर माती आणि कोपऱ्यात बंद पडलेल्या जनरेटरची पत्र्याची खोली. खेळता खेळता सावली कशी सरकते ते कळेल, दिशा कळतील, पानं ओळखता येतील. आसपासच्या मुलांनाही बोलावू. नाव ठेवलं अंगणशाळा. ही म्हणाली, "अंगण कुठाय पण?" मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

सकाळीच जागेची पाहणी केली. धोके बरेच निघाले. एक तार बरोबर गळ्याच्या उंचीवर. एक फरशी डुगडुगणारी. आणि ती जनरेटरची खोली! पत्रा गंजलेला, दार अर्धवट उघडं, आत सगळा अडगळीचा बाजार. लगेच इमारतीच्या सचिवांना गाठलं. हे तळमजल्यावर एकटेच राहतात. अंगात कायम बनियन, पण हातात घड्याळ असल्याशिवाय दार उघडत नाहीत. मी म्हटलं, "ती खोली रिकामी करा आणि पत्रा काढून टाका. उद्या पोराबाळांना काही झालं तर?" ते म्हणाले, "बघू." मी कधीपासून सांगतोय आणि ते कधीपासून बघतायत.

तार मी स्वतः वर बांधली. फरशी बसवली. टाचणी खिडकीतून बघत होती. हात हलवला तर आत गेली.

गुरुवार, ८ मे

अंगणशाळेचा पहिला दिवस. हजर विद्यार्थी: टाचणी. तिसऱ्या मजल्यावरचा भोंगा, हा कुजबुजला तरी रस्त्यावर ऐकू जातं. दंतवैद्यबाईंची मुलगी, पुढचे दोन्ही दात पडलेत म्हणून तिला सगळे कवळी म्हणतात आणि तीही ओ देते. शिवाय चौथ्या मजल्यावरचे जुळे. त्यांना मी डावा आणि उजवा म्हणतो, ते जागा बदलून माझी फजिती करतात.

मुलांना पिवळी हेल्मेट वाटली. निवृत्तीच्या वेळी कंपनी घड्याळ देत होती, मी हेल्मेट मागून घेतली. माझं स्वतःचं पांढरं, अधिकाऱ्याचं. गळ्यात शिट्टी. खुर्ची टाकून बसलो आणि आधी सुरक्षेच्या सूचना दिल्या. विषय होता मुंग्या. एकामागून एक कशा चालतात, वाटेत खडू ओढला तर काय करतात, हे त्यांनी बघायचं होतं. माझ्या सूचना संपेपर्यंत मुंग्या काम आटोपून निघून गेल्या होत्या.

भोंग्याने विचारलं, "आजोबा, मुंगी चावली तर हेल्मेटचा काय उपयोग?" प्रश्न योग्य होता, पण स्वर योग्य नव्हता. थोड्याच वेळात एकेकाला घरून हाका ऐकू यायला लागल्या. मला एकही ऐकू आली नाही. शेवटी टाचणी तेवढी उरली, ती जाणार कुठे?

ही वरून बघत होती. म्हणाली, "अहो, पोरं खेळायला आली होती, भाषणाला नाही. तुम्ही शेवटचं खेळलात कधी?"

मी म्हटलं, "कारखान्यात कॅरम खेळायचो."

"तेव्हाही आधी बोर्डाचे कोपरे तपासायचात," ही म्हणाली.

रविवार, ११ मे

सुधारणा केल्या. हेल्मेट ज्याला हवं त्याने घालावं. सूचना चार वाक्यांत. आजचा खेळ सावल्यांचा. सकाळी प्रत्येकाने उभं राहायचं, दुसऱ्याने खडूने त्याची सावली आखायची, नाश्ता करून परत यायचं आणि त्याच जागी उभं राहायचं. सावली कुठल्या कुठे! कवळीने आरडाओरडा केला, "माझे पाय चोरले!" भोंगा आणि जुळे सावलीवर उड्या मारत सुटले. टाचणी मात्र वाकून बघत राहिली. मग तिने स्वतःच खडू उचलला आणि नवी सावली आखली. काही बोलली नाही, पण मी सांगितल्याशिवाय आखली.

शेवटी मी कारखान्यातली एक पद्धत सुरू केली. आमच्याकडे पाळी संपली की सगळे गोलात उभे राहायचे आणि प्रत्येकाने एक 'थोडक्यात वाचलो' सांगायचं. म्हणजे आज काय होता होता टळलं. पाय घसरणार होता, पाना वरून पडणार होता, काहीही. नियम एकच. सांगणाऱ्याला रागवायचं नाही. साहेबाने सुद्धा नाही. रागावलं की माणसं लपवतात, आणि लपवलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी डोक्यात पडते.

मुलांना हे फारच आवडलं. भोंगा म्हणाला, "मी उजव्याच्या पाठीत ढेकूळ घालणार होतो. थोडक्यात वाचला." उजवा म्हणाला, "मी डावा आहे." कवळी म्हणाली, "मी मुंगी खाऊन बघणार होते. थोडक्यात वाचली."

"मुंगी वाचली की तू?"

"दोघी."

टाचणीची पाळी आली तेव्हा तिने नुसती मान हलवली. असू दे. कारखान्यातही नवा माणूस पहिल्या आठवड्यात बोलत नसे.

बुधवार, १४ मे

टाचणी बोलली! दोन वाक्यं. तीही चारचौघांत.

आज कानांचा खेळ होता. सगळ्यांनी झाडाखाली डोळे मिटून बसायचं, कुठून काय ऐकू येतं ते लक्षात ठेवायचं आणि मग सांगायचं. मी पंपाची घरघर सांगितली. जुळ्यांनी एकमेकांचे श्वास सांगितले. भोंग्याला फक्त भोंगा ऐकू आला. टाचणीने जनरेटरच्या खोलीकडे बोट केलं आणि म्हणाली, "मांजर."

मी म्हटलं, "बाळ, तिथे मांजर कुठली? ऊन चढलं की पत्रा तापतो, प्रसरण पावतो, मग असा बारीक आवाज करतो."

ती म्हणाली, "पाच आहेत. नाही, सहा."

मी समजावलं की पत्रा मोठा असेल तर तो पाच-सहा ठिकाणी प्रसरण पावू शकतो. मुलं इतक्या लक्षपूर्वक ऐकत होती की काय सांगू. माझं झाल्यावर सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. विज्ञान सोपं करून सांगितलं की पोचतंच. उद्या प्रसरणावरच एखादा खेळ घ्यावा म्हणतो.

शुक्रवार, १६ मे

अंगणशाळेला असं यश येईल असं मला वाटलं नव्हतं. मी दात घासतोय तोच दारात चौघं उभी! "आजोबा, चला ना, शाळा उघडा." दंतवैद्यबाई जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "काय जादू केलीत हो? आमची उठायला तयार नसते." मी म्हटलं, थोडी शिस्त आणि थोडी मोकळीक, बस.

आता खेळही तीच सुचवतात. काल म्हणाली, मातीचं स्वयंपाकघर मांडू, पण जनरेटरच्या खोलीजवळ. आज पानं गोळा करायची होती, तीही जनरेटरच्या खोलीजवळची. मी विचार केला तेव्हा कारण सापडलं. त्या कोपऱ्यात सकाळी सावली असते. मुलांना आपोआप कळतं. मी मात्र खुर्ची लांब ठेवतो, कारण तिथे गेलो की मला शिंका येतात. गंजाची धूळ असणार.

घरात दोन बारीकसारीक गोष्टी घडतायत. एक म्हणजे दूध पुरत नाही. ही म्हणते उन्हाळ्यात दूध आटतं. तेव्हा मी हो म्हटलं, पण नंतर विचार केला तर पटेना. दुसरं म्हणजे माझं पांढरं हेल्मेट कुठे दिसत नाही. सचिवांवर माझा संशय आहे. त्यांचा त्याच्यावर पहिल्यापासून डोळा होता.

जेवताना टाचणीने आपण होऊन विचारलं, "आजोबा, उकडलेलं अंडं दात नसलेल्याला खाता येतं का?" मला गहिवरून आलं. पोर गप्प असते, पण तिला कवळीची किती काळजी! मी म्हटलं, कुस्करून दिलं तर येतं. तिने लगेच आपलं अंडं रुमालात बांधून घेतलं. ही पदराआड हसली. हसण्यासारखं काय होतं?

गोलात आज टाचणी पहिल्यांदा बोलली, "मी आज पकडली जाणार होते. थोडक्यात वाचले."

"कोणाकडून?"

भोंगा मधेच म्हणाला, "आजोबा, सांगणाऱ्याला जास्त विचारायचं नाही."

मी सांगितलं की नियम फक्त रागवण्याबद्दल आहे. पण नियमामागचा विचार पोरांनी बरोबर पकडला, त्याबद्दल त्यांचं कौतुकही केलं.

सोमवार, १९ मे

आज काय लिहू आणि काय नको. सकाळी मुलांना उत्तर दिशा शोधायला शिकवलं आणि पावलं मोजत झाडापासून टाकीपर्यंतचा नकाशा काढायला लावला. टाचणीचा नकाशा सगळ्यांत सुबक. त्यात तिने खुर्चीत बसलेला मीही काढलाय, शिट्टीसकट. दुपारी तिने विचारलं, "आजोबा, कारखान्यात आग लागली तर तुम्ही काय करायचात?" मी सांगायला लागलो. शिट्टी, सगळ्यांनी बाहेर, ठरलेल्या जागी जमायचं, मग माणसं मोजायची, आणि शेवटचा माणूस मिळाल्याशिवाय जागा सोडायची नाही. "एक जरी कमी असेल तरी?" ती म्हणाली. मी म्हटलं, "एक जरी कमी असेल तरी." ऐकता ऐकता माझ्या मांडीवरच झोपली. पाय सुन्न पडला, तरी मी उठलो नाही. आत्याच्या तलावाचं आता काही खरं नाही.

त्यात संध्याकाळी आणखी एक आनंदाची बातमी. सचिवांनी स्वतः बोलावून सांगितलं, "जिंकलात तुम्ही. शनिवारी सकाळी भंगारवाला येतोय. खोलीतलं सगळं उचलणार, पत्राही नेणार." माझ्या सांगण्याला अखेर यश आलं!

गोलात मी हे मोठ्या थाटात जाहीर केलं. म्हटलं, आपण लांबून बघू, यंत्र कसं सुटं करतात तेही शिकू. कोणी टाळी वाजवली नाही. कवळी एकदम रडायला लागली. जुळ्यांनी एकमेकांचे हात धरले. भोंगा, चक्क भोंगा, गप्प. टाचणीने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं माझ्या अंगावर काही पडलंय. मग ती उठून घरात गेली. 'थोडक्यात वाचलो' आज कोणीच सांगितलं नाही.

मला वाईट वाटलं. यांच्याच सुरक्षेसाठी करतोय ना मी हे?

गुरुवार, २२ मे

सगळी मुलं येतात, पण खेळत कोणी नाही. जनरेटरच्या खोलीसमोर ओळीने बसून राहतात. टाचणी परत नुसती मान हलवायला लागलीय. हिला विचारलं, काय झालंय? ही म्हणाली, "माझ्याकडे बघू नका. मी शब्द दिलाय."

"कोणाला? कसला?"

"तेच सांगितलं तर शब्द राहिला कुठे?"

दुपारी मी झोपलोय असं समजून टाचणी आईशी फोनवर बोलत होती. मी मुद्दाम ऐकलं नाही, ऐकू आलं. "आई, मला आत्याकडेच जायचंय." मग बराच वेळ तिकडून बोलणं. मग टाचणी म्हणाली, "नाही गं, आजोबा वाईट नाहीत. पण ते सगळं काढून टाकतात."

मी उठून गच्चीवर गेलो आणि उगाचच कुंड्या सरळ केल्या. फार लागलं मनाला. काय काढून टाकलं मी? तार वर बांधली. पायपुसणं घसरत होतं ते टाकलं. तिच्या खिडकीतली काचेची बरणी उचलून ठेवली. याच्यावरून का कोणी आजोबा सोडून जातं?

तेरवा रविवार. लेक येणार.

शुक्रवार, २३ मे

सकाळी चहाचा कप पुढे ठेवून ही म्हणाली, "पोरांना रोज गोलात बोलायला लावता. स्वतः कधी बोललात?"

"मी साहेब आहे."

"आजोबा आहात," ही म्हणाली आणि बशी उचलून घेऊन गेली.

मी खुर्ची न नेताच खाली गेलो आणि मुलांच्यात मातीत बसलो. गुडघे करकरले तेव्हा डावा की उजवा कोणी तरी हसला, तेवढंच. मी म्हटलं, "आज माझी पाळी. पण मी वाचलेलो नाही, अजून वाचायचंय. परवा टाचणीची आई येईल, आणि टाचणी जाईन म्हणेल, याची मला भीती वाटते. मला ती इथे हवीय. पहिल्या दिवसापासून हवीय. सांगायला जमलं नाही, ते आता सांगतो. मी काहीतरी काढून टाकतोय असं ती म्हणते. काय ते मला खरंच कळत नाही. कळलं तर मी परत आणून देईन."

मग भोंगा कुजबुजला, म्हणजे पूर्ण इमारतीला ऐकू गेलं, "सांगून टाक ना गं."

टाचणी माझ्याकडे न बघता म्हणाली, "रागवायचं नाही?"

"नियम आहे."

"तुमच्या हेल्मेटमध्ये तीन आहेत. बाहेर दोन. आणि त्यांची आई."

"तीन काय?"

पाचही जणांनी मला हाताला धरून जनरेटरच्या खोलीत नेलं. अडगळीमागे माझं पांढरं हेल्मेट उलटं ठेवलेलं, आत माझा मफलर, आणि त्यात मांजराची तीन पिल्लं एकमेकांवर झोपलेली. दोन शेजारी आईला लुचत होती. समोर आमची बशी. पत्रा प्रसरण पावत नव्हता. मला सटासट शिंका आल्या. मांजरीने माझ्याकडे पाहिलं ते मला ओळखत असल्यासारखं. मुलांनी माझ्याबद्दल तिला काय काय सांगितलं असेल देव जाणे.

"बुधवारी डोळे उघडले त्यांचे," टाचणी म्हणाली, "आणि उद्या तुमचा भंगारवाला येणार."

माझा भंगारवाला. बरोबर होतं.

धावत सचिवांकडे गेलो. म्हटलं, आठ दिवस थांबवा. ते म्हणाले, "इतकी वर्षं माझं डोकं खाल्लंत. आता येतोय तर थांबवा? आणि मांजर कसली? खाली फलक वाचलात ना, इमारतीत प्राणी आणू नयेत. मीच लावलाय." दार लावून घेतलं.

मी परत आलो. पाच तोंडं माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "उद्या सकाळी, भंगारवाला यायच्या आधी, ड्रिल." लेकीची अट मोडली, पण दुसरा इलाज नव्हता.

शनिवार, २४ मे

योजना अशी होती: जमायची जागा झाडाखाली, तिथे हिने कपड्यांची टोपली आणि जुनी चादर ठेवलेली. तिथून सगळ्यांना आमच्या घरी न्यायचं. मुलं न सांगता पिवळी हेल्मेट घालून आली. डावा आणि उजवा दाराशी, कवळी टोपलीजवळ, भोंगा फाटकात, भंगारवाला दिसला की ओरडायला. यापेक्षा योग्य माणूस मिळाला नसता. टाचणी माझ्याबरोबर.

सगळं चोख. मग सवयीने मी शिट्टी वाजवली.

उभ्या नोकरीत शिट्टी ऐकून इतक्या वेगाने कोणी बाहेर पडलेलं मी पाहिलं नव्हतं. मांजरीने एक पिल्लू तोंडात धरलं, जुळ्यांच्या पायांमधून सुटली, टोपलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही आणि सरळ सचिवांच्या उघड्या खिडकीतून आत! मी डोक्याला हात लावला. परत शिट्टी तोंडाशी नेणार, तोच टाचणीने माझा हात धरला.

"आजोबा, शिट्टी नको. ती आपलं आपण करेल."

मी शिट्टी गळ्यातून काढून तिच्या हातात दिली. मग आम्ही सगळे जमिनीवर बसून गप्प राहिलो. मांजर आली, दुसरं घेऊन गेली. आली, तिसरं घेऊन गेली. कवळी बोटांवर मोजत होती. चौथं गेलं आणि मांजर परत येईना. खिडकी वाऱ्याने लागली होती. पाचवं पिल्लू माझ्या हेल्मेटच्या आतल्या पट्ट्यात नखं अडकवून बसलेलं, निघता निघेना. तेवढ्यात फाटकातून भोंग्याचा आवाज आला. भंगारवालाच दचकून मागे सरला असेल.

"एक कमी आहे," टाचणी म्हणाली.

"मग जागा सोडायची नाही," मी म्हटलं. हेल्मेट पिल्लासकट उचललं, टाचणीचा हात धरला आणि शिंकत शिंकत सचिवांचं दार वाजवलं. बराच वेळ उघडेना. मला वाटलं, आता चारही पिल्लं खिडकीतून बाहेर येणार.

दार उघडलं. सचिवांच्या हातात घड्याळ नव्हतं. हातात एक पिल्लू होतं, आणि त्याला लागू नये म्हणून घड्याळ काढून टेबलावर ठेवलेलं दिसत होतं. मागे इस्त्रीच्या बनियनांच्या गठ्ठ्यावर मांजर बाकीच्यांना घेऊन ऐसपैस पसरली होती.

"हे काय चाललंय?" ते म्हणाले.

"पाचवं," टाचणी म्हणाली आणि हेल्मेट पुढे केलं.

सचिवांनी एकदा जिन्याजवळच्या स्वतःच्या फलकाकडे पाहिलं, एकदा हेल्मेटमध्ये. "आत या," ते म्हणाले, "आणि दार लावा आधी, मांजर बाहेर जाईल."

रविवार, २५ मे

सकाळी खाली गेलो तर फलकात दुरुस्ती झालेली. 'इमारतीत बाहेरून प्राणी आणू नयेत.' 'बाहेरून' हा शब्द बारीक अक्षरात, ओळीच्या वर, काकपदाची खूण करून. माझं हेल्मेट सचिवांकडेच आहे. आता त्यांच्याकडे ते खरंच आहे, त्यामुळे संशय घेता येत नाही.

लेक दुपारी आली. जनरेटरच्या खोलीच्या जागी आता रिकामी चौकट उरलीय, तिथे मुलांनी पाणी ओतून नदी काढलीय. लेकीला बघून टाचणी पळत गेली नाही. म्हणाली, "आई, थांब, आमचा गोल व्हायचाय. तू पण बस." लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी मातीत बसलेलो. ती चपला काढून माझ्याशेजारी बसली. लहानपणी ती कधी माझ्याशेजारी अशी बसल्याचं आठवत नाही. मी सतत खुर्चीत असायचो.

भोंग्याने सांगितलं, मी नदीत पडणार होतो, थोडक्यात वाचलो. तो नखशिखांत चिखलात होता. कवळीने सांगितलं की तिचा नवा दात येता येता वाचला, म्हणजे काय ते कोणालाच कळलं नाही.

मग टाचणी. हातात माझी शिट्टी घेऊन उभी राहिली. "मी आईला फोनवर सांगितलं होतं की मला आत्याकडे जायचंय," ती म्हणाली. "आई त्याच दिवशी आली असती तर मी गेले असते. आणि मग मला कळलंच नसतं की आजोबांना मी हवीय. थोडक्यात वाचले."

लेकीने माझा हात दाबला. वर गच्चीत ही उभी होती, तिने पदर डोळ्यांना लावलेला मला इथून दिसला.

"आजोबा, तुमची पाळी," भोंगा म्हणाला.

मी बोटाने मातीत रेघा ओढत बसलो. टाचणी माझ्याकडे निरखून बघत होती. मग म्हणाली, "आजोबांचं मी सांगते. आजोबा आज रडणार होते. थोडक्यात वाचले."

वाचलो नव्हतो. पण सांगणाऱ्याला रागवायचं नाही हा नियम माझाच आहे.